वीज पोचली म्हणजे काय? चंद्रपूर-गडचिरोलीचा विद्युत-इतिहास

‘आमच्या गावात वीज आहे’ असे आपण सहज म्हणतो. पण या वाक्याचा नेमका अर्थ सांगा म्हटले, तर उत्तर देणे सोपे नाही. गावाच्या शिवारात विजेचा खांब उभा राहिला म्हणजे गावात वीज आली का? दहा घरांपैकी एका घरात दिवा लागला म्हणजे आली का? की प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज ऐन पावसाळ्यातही थंड राहिला म्हणजे आली? यांपैकी पहिल्या दोन उत्तरांना आपल्या देशात निरनिराळ्या काळी सरकारी व्याख्येचे स्थान होते. तिसरे उत्तर आता कुठे कायद्याच्या भाषेत उतरू लागले आहे.

या तीन उत्तरांमधले अंतर समजून घ्यायला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. यांतल्या एका जिल्ह्यात राज्यातले सर्वांत मोठे सरकारी औष्णिक विद्युत केंद्र आहे. दुसऱ्या जिल्ह्यात वीजवाहिनीचे शेवटचे टोक आहे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता.

कायद्यातला एक शब्द

विजेचे सार्वजनिक धोरण ठरवण्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. १९४२ ते १९४६ या वर्षांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे श्रम खाते होते आणि विजेचा विषयही त्याच खात्यात येत असे. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजधोरणाच्या समितीपुढे त्यांनी आपली भूमिका मांडली. देशाला दारिद्र्यातून बाहेर पडायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी वीज स्वस्त व मुबलक हवी, असा तिचा आशय होता. तोपर्यंत वीजपुरवठा मुख्यतः मोठ्या शहरांपुरता आणि तोही बहुतांशी खाजगी कंपन्यांच्या हाती होता.

पुढे वीज (पुरवठा) अधिनियम १९४८ साली झाला. त्यानुसार राज्याराज्यांत विद्युत मंडळे स्थापन व्हायची होती. जिथे वीज नाही किंवा पुरेशी नाही अशा भागांकडे मंडळाने विशेष लक्ष द्यावे, असे या कायद्याने सांगितले होते. यातला ‘पुरेशी’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. वीज असणे आणि ती पुरेशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होते.

त्या वेळी विदर्भ मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. दोन वर्षांनी कोयनेची वीज वाहू लागली आणि राज्याचे लक्ष सह्याद्रीकडे लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेचा वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा एकाच ठिकाणच्या विजेवर फार विसंबून चालणार नाही हेही सर्वांना कळले. विदर्भातला कोळसा त्यामुळे अधिकच महत्त्वाचा ठरला.

कोळशाच्या काठावरचे केंद्र

वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा काही नवा नव्हता. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकातली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटाही आला होता. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर या परिसरात खाणी वाढल्या. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले.

औष्णिक केंद्र कोळशाजवळच का उभारतात, याचे गणित वर्गात सहज करता येईल. एक युनिट वीज तयार करायला आपल्याकडचा राखेचे प्रमाण जास्त असलेला कोळसा ढोबळमानाने पाऊण किलो लागतो. ५०० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तर तो १ कोटी २० लाख युनिट वीज देतो. म्हणजे रोज सुमारे ९ हजार टन कोळसा हवा. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग राख म्हणून उरतो. एवढा माल रोज शेकडो किलोमीटर वाहून नेण्यापेक्षा वीज तारेतून नेणे सोयीचे पडते.

चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे या केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर १९८४ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचे रीतसर उद्‌घाटन झाले. १९८६ पर्यंत २१० मेगावॉटचे चार संच झाले आणि १९९१, १९९२ व १९९७ मध्ये ५०० मेगावॉटचे तीन. २०१६ मध्ये ५०० मेगावॉटचे आणखी दोन संच आले. पहिले दोन जुने संच आता कायमचे बंद झाले असून उरलेल्या संचांची मिळून क्षमता २,९२० मेगावॉट आहे.

केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते. त्यासाठी इरई नदीवर धरण बांधले गेले. २०१० च्या उन्हाळ्यात हे पाणी इतके खालावले की केंद्रातले संच बंद ठेवण्याची पाळी आली. परिसराला या विजेची किंमत हवेच्या रूपानेही मोजावी लागली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. अर्थात खाणी, सिमेंटचे कारखाने आणि इतर उद्योग यांचाही त्यात वाटा होता.

दक्षिणेकडच्या जंगलातून वेगळ्या प्रकारे वीज मिळवण्याचे बेत होते. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इचंपल्ली ही दोन मोठी धरणे बांधायचे ठरत होते. त्यांच्या पाण्याखाली आदिवासी गावे आणि मोठे जंगल जाणार होते. १९८० च्या दशकात बाबा आमटे आणि स्थानिक आदिवासींनी त्याला कडाडून विरोध केला. ती धरणे झाली नाहीत. तात्पर्य, राज्याच्या ऊर्जानकाशावर हे दोन्ही जिल्हे ‘वीज मिळण्याची जागा’ म्हणून आधी आले आणि ‘वीज देण्याची जागा’ म्हणून फार उशिरा.

पडघ्याला जाणारी तार

चंद्रपूरची वीज मोठ्या प्रमाणावर पश्चिमेकडे, मुंबई-ठाण्याच्या बाजूला लागते. त्यासाठी १९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी सुरू झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॉट. एका तारेचा दाब जमिनीच्या तुलनेत अधिक ५०० किलोव्होल्ट, दुसरीचा उणे ५०० किलोव्होल्ट. दोन्हींमधला फरक १,००० किलोव्होल्ट, म्हणजे दहा लाख व्होल्ट. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह, हे सूत्र वापरले तर एवढी प्रचंड शक्ती वाहून नेणारा प्रवाह फक्त १,५०० अँपियर निघतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून प्रवाह कमी ठेवला की नासाडी फार झपाट्याने घटते. जगात या पद्धतीचा व्यापारी वापर १९५४ मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटाला वीज देण्यासाठी सुरू झाला होता.

चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम आणि दक्षिण भारताच्या वीजजाळ्यांना जोडणारे केंद्र उभे राहिले. पुढे सारा देश एकाच जाळ्यात आला. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे जाळे कोसळले आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला, ते पुष्कळांना आठवत असेल. अशा घटना जगभर गाजतात, पण त्या विरळा असतात. सामान्य घरातली वीज जाते ती बहुधा यामुळे नव्हे. ती जाते जवळच्या रोहित्रावरचा डीओ उडाल्यामुळे, जंपर तुटल्यामुळे किंवा तारेवर फांदी पडल्यामुळे. विजेच्या भरवशाचा प्रश्न मुख्यतः शेवटच्या काही किलोमीटरांचा आहे. इथेच गडचिरोलीची गोष्ट सुरू होते.

शेवटचे टोक

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत, म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसे. दोन तृतीयांशाहून अधिक भूभागावर जंगल. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांत वस्त्या लहान आणि एकमेकींपासून दूर. इथे एका वस्तीसाठी टाकाव्या लागणाऱ्या तारेत पुण्या-साताऱ्याकडे कितीतरी अधिक घरे जोडली जातील.

लांब तारेचे दोन तोटे असतात. पहिला दाबाचा. तारेला रोध असतो, त्यामुळे प्रवाह वाहताना वाटेत दाब घटतो आणि टोकाच्या ग्राहकाला कमी दाबाची वीज मिळते. २३० व्होल्टऐवजी १८४ व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब वीस टक्के घटला, तर जुन्या तारेच्या बल्बचा प्रकाश निम्म्याहून कमी होतो. मोटार चालू होत नाही, किंवा झालीच तर तापते. यावर उपाय म्हणजे उच्चदाबाची वाहिनी लोकांच्या शक्य तितकी जवळ आणणे. ११ किलोव्होल्टऐवजी ३३ किलोव्होल्टवर तेवढीच शक्ती पाठवली, तर प्रवाह एक तृतीयांश होतो आणि तारेतली नासाडी एक नवमांश. म्हणून नवे ३३ किलोव्होल्टचे उपकेंद्र कुठे होते, हा प्रश्न दिसायला प्रशासकीय असला तरी टोकावरच्या गावाच्या दृष्टीने तोच निर्णायक असतो.

दुसरा तोटा तार तुटण्याचा. तार जितकी लांब, तितक्या जास्त ठिकाणी तिच्यावर झाड पडू शकते. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटणे हे नित्याचे. अशा वेळी तार कुठे तुटली हे शोधायला वायरमनला जाताच येत नाही. शहरात अर्ध्या तासात होणाऱ्या दुरुस्तीला इथे काही दिवस लागतात.

याला धोरणाचीही कारणे होती. १९६५ ते १९६७ च्या दुष्काळानंतर, १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. त्या काळी ग्रामीण विजेचा मुख्य हेतू विहिरीवर पंप बसवणे हा होता. पंप जिथे जास्त, तिथे वाहिनी आधी. पूर्व विदर्भातली भातशेती पाऊस आणि मालगुजारी तलाव यांवर चालत असे, त्यामुळे या मापात ती मागे पडली. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर जंगलातून वाहिनी नेण्यासाठी केंद्राची परवानगी लागू लागली. जंगल राखण्यासाठी तो कायदा आवश्यकच होता, पण त्यामुळे मोठ्या प्रकल्पाला आणि पाड्यावरच्या चार खांबांना एकाच वाटेने जावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही अडचण ओळखली. शाळा, दवाखाना, वीजवाहिनी अशा स्थानिक सोयींसाठी, ग्रामसभेची शिफारस असेल तर, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरण्याची वाट त्याने मोकळी केली. त्यासाठी हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तुटता कामा नयेत अशी अट आहे. सशस्त्र नक्षलवादी चळवळीमुळेही अनेक वर्षे दुर्गम भागातली कामे रखडली.

मोजण्याची पद्धत

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव ‘विद्युतीकृत’ धरले जाई. शिवारात एका विहिरीवर पंप चालला तरी पुरे. १९९७ मध्ये वस्तीच्या आत वीज हवी अशी सुधारणा झाली. २००४ च्या व्याख्येने दलित वस्तीत वीजव्यवस्था, शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक जागी वीज आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी अशा अटी घातल्या. म्हणजे साठ घरांच्या गावात सहा घरांत दिवे लागले की पुष्कळ झाले.

यामुळे काय घडले ते पाहा. १९८० च्या दशकाअखेर महाराष्ट्रातली जवळजवळ सर्व गावे कागदावर विद्युतीकृत झाली होती. पण २०११ च्या जनगणनेत राज्याच्या ग्रामीण भागातील सुमारे ७४ टक्के घरांतच प्रकाशासाठी वीज वापरात असल्याचे दिसले. उरलेल्या चौथ्या हिश्शातल्या घरांत मुख्यतः रॉकेलचे दिवे होते. दोन्ही आकडे खरे होते. एकाने गावे मोजली होती, दुसऱ्याने घरे. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेपासून सरकारी मोजमापही घरावर आले.

तुटवड्याची वर्षे आली तेव्हा मोजमापाचा प्रश्न आणखी टोकदार झाला. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, नवी निर्मिती मागणीच्या मानाने वाढली नाही आणि २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने लांबच लांब भारनियमन सोसले. याच सुमारास, जून २००५ मध्ये, विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. कुठे किती तास वीज बंद ठेवायची हे ठरवताना प्रत्येक वाहिनीवरची वीजहानी आणि बिलांची वसुली पाहून गट पाडले गेले. हानी जास्त, तर अंधार जास्त. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. वीज तुटपुंजी असेल, तर नियमित बिल भरणाऱ्याला आधी द्यावी. पण या हानीत चोरी, थकबाकी आणि तारेतच उष्णता होऊन जाणारी वीज या तिन्ही गोष्टी मिसळलेल्या होत्या. त्यांतली तिसरी गोष्ट ग्राहकाच्या हातात नसते. लांब, जुन्या वाहिनीवरच्या प्रामाणिक ग्राहकाला तारेच्या लांबीचीही शिक्षा झाली. दर मात्र महावितरणच्या सर्व भागांत सारखाच होता.

सरासरीच्या आड

वीज कायदा २००३ मध्ये झाला आणि सेवेचा दर्जा ठरवण्याचे काम वीज नियामक आयोगाकडे आले. ३१ डिसेंबर २०२० च्या केंद्रीय नियमांनी ग्राहकाला चोवीस तास वीज हा हक्क म्हणून मांडला, काही विशिष्ट वर्गांचा अपवाद ठेवून. ठरलेला दर्जा पाळला नाही तर भरपाईचीही तरतूद केली. १९४८ च्या कायद्यातला ‘पुरेशी’ हा शब्द असा सत्तर वर्षांनी आकड्यांत उतरू लागला.

भरवसा मोजण्याचे एक प्रचलित माप असे आहे. वर्षभरात प्रत्येक ग्राहकाची वीज किती तास बंद होती ते घ्यायचे, सर्वांची बेरीज करायची आणि एकूण ग्राहकसंख्येने भागायचे. समजा, एका विभागात ३ लाख ग्राहक आहेत. त्यांतल्या जंगलातल्या एका वाहिनीवरचे ३०० ग्राहक पुरामुळे दहा दिवस, म्हणजे २४० तास अंधारात राहिले. बेरीज झाली ७२,००० ग्राहक-तास. तिला ३ लाखांनी भागले तर येतात ०.२४ तास, म्हणजे सुमारे १४ मिनिटे. दहा दिवसांचा अंधार सरासरीत चौदा मिनिटांचा होतो! आकडा खोटा नाही, पण त्यावरून निर्णय घेणाऱ्याला ती वाहिनी दिसणारच नाही. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत वाईट वाहिन्यांची यादी वेगळी प्रसिद्ध व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

सौर ऊर्जेमुळे आता एक नवा मार्ग उपलब्ध आहे. दुर्गम पाड्यावर छतावरचे पॅनेल आणि बॅटरी यांनी दिवे, मोबाइल, लसींचा फ्रीज चालू शकतो, तार तुटली तरीही. मात्र भाताची गिरणी किंवा पाण्याचा पंप चालवायला मोठा संच लागतो, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. ती कोण बदलणार याची व्यवस्था नसेल, तर बंद पडलेले पॅनेल आणि वीज नसलेला खांब यांत फरक उरत नाही. निर्मिती कुठलीही असो, प्रश्न पुन्हा शेवटच्या टोकावरच्या देखभालीपाशीच येतो.

वर्गात करण्याजोगे

शिक्षकांसाठी दोन उपक्रम सुचवतो. पहिला: जुन्या ट्यूबलाइटच्या चोकमधली बारीक तार घ्या. तिचे आठ-दहा मीटरचे दोन तुकडे करून टोके खरवडा. दोन सेल जोडून एक बॅटरीचा बल्ब सेलजवळ आणि तसाच दुसरा लांब तारांच्या टोकाला लावा. टोकाचा बल्ब मंद दिसेल. आता टोकालाच आणखी एक बल्ब समांतर जोडा. आधीचा अधिक मंदावेल. गडचिरोलीच्या वाहिनीचे दुखणे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल. हा प्रयोग सेलवरच करावा, घरातल्या विजेवर मुळीच नाही.

दुसरा: एक महिनाभर विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी वही ठेवावी. वीज कधी गेली, कधी आली, कोणते काम अडले, एवढेच लिहावे. महिन्याच्या शेवटी वर्गाची सरासरी काढावी आणि तिच्याशेजारी सर्वांत जास्त अंधार सोसलेल्या घराचे तास लिहावेत. मग हे दोन्ही आकडे ग्रामसभेत आणि वीज कार्यालयात द्यावेत. खांब किती उभे राहिले हे सरकारी दप्तरातून कळते. दिवा किती वेळ लागला याची नोंद मात्र त्या दिव्याखाली बसणाऱ्यांनीच ठेवायला हवी.